जाधवबाईंचे टिंब

गिरगावातल्या आमच्या घरी, पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत, घडीच्या कागदांचा एक जाड गठ्ठा आहे. कागदाच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची ओळ, पानभर आडवे फिकट हिरवे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर उभे राहिलेले आकडे. शाई आता राखाडी झाली आहे. गठ्ठा उलगडला की खळ घातलेल्या लुगड्यासारखा करकरतो आणि त्यातून तेलकट, थोडासा धातूचा असा वास येतो. तो लाइन प्रिंटरच्या फितीचा वास. घरातल्या कुणालाच त्या कागदांचे काय करायचे ते कळत नाही. दर दिवाळीला ते टाकून देण्याचा विषय निघतो आणि दर दिवाळीला मी ते परत ट्रंकेत ठेवते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझ्या जुन्या कविता आहेत, असे कारण मी सांगते. खरे कारण छापील बाजूवर आहे. तिथे जाधवबाई आहेत.

परळच्या एका आरोग्य-संशोधन संस्थेत आम्ही दोघी नोकरीला होतो. मी मराठीत एम. ए. झालेली, वह्यांतून कविता भरून ठेवणारी. संस्थेचे अहवाल मराठीत लिहिण्यासाठी मला घेतले होते. अहवालात मजकूर माझा असे आणि तक्ते संगणक विभागातून येत. संगणक म्हणजे मांडीवर मावणारा नव्हे. तळमजल्यावर काचेच्या भिंतीआड, लोखंडी कपाटांची रांग असावी तसा मेनफ्रेम उभा होता, आणि संस्थेतले सगळे डॉक्टर आपापली माहिती घेऊन त्याच्या वेळेसाठी ताटकळत. बाहेर परळची चिकट दुपार आणि काचेचे दार ढकलून आत गेले की एकदम माघातला गारठा. त्या गारठ्यात यशोधरा जाधव बारा महिने साडीवर जांभळा लोकरी स्वेटर घालून बसत. संध्याकाळी डिलाईल रोडवरच्या आपल्या चाळीकडे चालत निघाल्या, की कोपऱ्यापर्यंत स्वेटर अंगात तसाच असे. मे महिन्यात लोक वळून बघत. त्यांच्या ते गावीही नसे.

उंच, सावळ्या, हाडापेराने मजबूत. बोलणे कमी आणि आवाज खालच्या पट्टीतला. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक पोलादी फूटपट्टी. प्रिंटरमधून कागद बाहेर येऊन थांबला, की त्या तो टेबलावर पसरत, पट्टी उभी लावत आणि वरपासून खालपर्यंत सगळी दशांशचिन्हे एका रेषेत आहेत का ते पाहत. मग तळहात त्या स्तंभावरून एकदा फिरवत. आंधळ्या माणसाने ओळखीचा चेहरा चाचपावा तसा.

“हिशेब यंत्र करतं,” त्या म्हणत, “माझं काम उत्तर निघाल्यावर सुरू होतं.”

ते काम म्हणजे काय, हे मला समजायला बराच काळ लागला. संख्याशास्त्राचे जे पॅकेज त्या मेनफ्रेमवर चाले, ते सरासरी काढी, गटागटांची तुलना करी. पण निघालेला आकडा कागदावर किती घरांत बसवायचा, दशांशचिन्हापुढे किती अंक दाखवायचे, हे त्याला आधीच लिहून सांगावे लागे. चौकटी आखलेल्या लांब कागदावर बाई पेन्सिलीच्या टोकाने घरे मोजत. अंकांना इतकी, दशांशचिन्हाला एक, उणे चिन्हाला एक. एकदा एका डॉक्टरांनी विचारले होते, की माझे सगळे रुग्ण सुधारले आहेत, मग उणे चिन्हाची जागा रिकामी कशाला ठेवता? बाईंनी पेन्सिल खाली न ठेवता उत्तर दिले, “वाईट बातमी आली तर तिला उभं राहायला जागा नको?”

आकड्यासाठी राखलेल्या ह्या रुंदीला त्यांचा खास शब्द होता. पन्हा. त्यांचे वडील एका गिरणीत साचेवाले होते. आयुष्यभर मागावर उभे राहिलेले. कापडाची रुंदी ती पन्हा, आणि पन्हा चुकला की पुढचे गजच्या गज वाया, हे त्यांनी लहानपणी भाकरीबरोबर ऐकलेले. विभागात इतर सगळे फॉरमॅट म्हणत, बाई पन्हा म्हणत, आणि काही वर्षांत सगळा विभाग पन्हा म्हणू लागला. “ह्या स्तंभाचा पन्हा वाढवा” असे एक मद्रासी गृहस्थसुद्धा बिनचूक बोलत.

पन्हा कमी पडला तर काय होते, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिले. एक डॉक्टर हातात कागद फडफडवत खाली आले. त्यांच्या तक्त्यात एका रकान्यात आकड्यांच्या जागी फुल्याच फुल्या छापून आल्या होत्या, आणि परिषदेला निघायला दोन तास उरले होते. यंत्र बिघडले आहे, असे त्यांचे म्हणणे. तक्त्याची मांडणी त्यांनी स्वतःच घाईघाईने लिहून दिली होती, हे ते विसरले होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि शांतपणे सांगितले, की तुम्ही तीन घरं दिलीत आणि आकडा चार घरांचा निघाला. “यंत्र इमानी आहे, डॉक्टर. मावत नसेल तर आकड्याचं मुंडकं उडवून उरलेला छापत नाही. सरळ चांदण्या काढून सांगतं, की मला मावत नाही. माणसं एवढं कुठं सांगतात?” पन्हा एका घराने वाढवला, कागद पुन्हा खडखडत आला. डॉक्टर निघून गेल्यावर बाईंनी तो फुल्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. “घ्या कवयित्री. चांदण्या तुमच्याच खात्यातल्या. मागची बाजू कोरी आहे.” ट्रंकेतल्या गठ्ठ्यातला तो पहिला कागद.

दशांशाच्या पुढच्या अंकांचीही त्यांना चीड होती. पाचपन्नास माणसांची उंची भिंतीवर खुणा करून मोजायची आणि सरासरी मात्र सहा दशांशांपर्यंत छापून मागायची, असे कुणी आले की त्या चष्म्यावरून बघत. “तराजू भाजीचा, आणि वजन सोनाराचं?” एवढे बोलून पाच अंक खोडत. एक अंक ठेवत. माझ्या कवितांवरही त्यांचा हाच नियम चाले. मी एकदा काही ओळी वाचून दाखवल्या, तेव्हा डबा खाता खाता म्हणाल्या, “चांगलं आहे. पण दशांश जास्त झालेत.” सुक्या जवळ्याचा तिखट वास, बोटांना लागलेली भाकरीची राख, आणि ती टीका. नंतर कुणा समीक्षकाने मला एवढे उपयोगाचे काही सांगितले नाही.

मात्र ह्या सगळ्याहून जास्त त्यांना जपायचे होते ते एक टिंब.

एखाद्या माणसाची तपासणी झालीच नसेल, तर ते पॅकेज त्या जागी आपोआप एक टिंब छापी. आकडा नाही, एवढेच त्याचे सांगणे. तक्त्यात अशी टिंबे आली की वरिष्ठांना ती खुपत. माशी बसून गेल्यासारखी दिसतात, म्हणत. त्यांच्या जागी शून्य छापा, असा आग्रह धरत. आणि तसे करणे सोपे होते; मांडणीच्या सूचनेत एक ओळ घातली की झाले. इतर कुठल्याही बाबतीत समजुतीने घेणाऱ्या जाधवबाई ह्या एका ओळीला कधीही तयार झाल्या नाहीत. त्या रागावत नसत. स्वेटरचे वरचे बटण लावत आणि “ते होणार नाही” म्हणत. ते बटण लावले गेले की विषय संपला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

त्यामागचे कारण मला कळले ते डॉ. सबनीस प्रमुख झाले त्या वर्षी. गिरण्या बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. कापसाच्या धुळीत उमेद घालवलेल्या कामगारांची फुप्फुसे आता कशी आहेत, ह्याची संस्थेने चाळीचाळींतून तपासणी केली होती. नळीत जोरात फुंकर मारायची, श्वास किती ते यंत्र सांगते. त्या तपासणीचा तक्ता महापालिकेकडे जायचा होता, आणि त्यावरून श्वासाच्या आजाराचे फिरते दवाखाने कुठल्या वस्तीत उभे करायचे ते ठरणार होते. चाळींची नावे डावीकडे, आजारी माणसांचे आकडे उजवीकडे. डिलाईल रोडवरच्या एका ओळीत मात्र टिंब होते. ती ओळ बाईंच्या चाळीची होती.

सबनीस माणूस वाईट नव्हता. नीटनेटका, वेळेचा पक्का. अहवाल तीन दिवसांत पोहोचवायचा होता आणि टिंब म्हणजे संस्थेने काम अपुरे सोडल्याची कबुली, असे त्यांना वाटत होते. त्यांनी बाईंना बोलावले. मी मजकुराची प्रत घेऊन तिथेच उभी होते.

“जाधव मॅडम, तिथे शून्य करा. एका ओळीने काय फरक पडतो?”

बाईंनी स्वेटरचे बटण लावले. “तिथे शून्य नाही, सर. तिथे आपण गेलोच नाही.”

“गेलो होतो. दोनदा. दारांना कुलपं होती.”

“म्हणजे अपुरं आहे. मग अपुरं दिसू दे.”

सबनीसांनी आवाज चढवला नाही. सोमवारी सकाळी तक्ता टेबलावर हवा आणि त्यात टिंब नको, नाहीतर प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती द्यावा, असे त्यांनी सांगितले. तो शुक्रवार होता.

दुपारी डबा न उघडता बाई बसून राहिल्या. काचेपलीकडे यंत्राची घरघर चालली होती. मग त्यांनी मला जे सांगितले ते सलग, खाली बघत, फूटपट्टीवर अंगठा फिरवत सांगितले.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा गिरण्या चालू होत्या आणि अशीच एक पाहणी झाली होती. तक्त्यात त्यांच्या चाळीपुढे टिंब आले. साहेबांनी शून्य करायला सांगितले. बाई नवीन होत्या. चाळीतून शिकून त्या काचेच्या खोलीत पोहोचलेल्या पहिल्याच. काम सुबक दिसावे, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यांनी ती ओळ लिहिली. तक्ता इतका देखणा आला, की साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला आणि बाईंनी एक प्रत घरी नेऊन वडिलांना दाखवली. वडिलांना अक्षरे जेमतेम लागत, पण आकडे लागत. त्यांनी चाळीचे नाव ओळखले, बोट आडवे सरकवत शून्यापर्यंत नेले आणि विचारले, हे काय. बाईंनी सांगितले, की आपल्या चाळीत कुणी आजारी नाही असे त्यात लिहिले आहे.

“बाबा हसले,” बाई म्हणाल्या. “हसता हसता खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी हातात कागद धरून उभी. मग म्हणाले, चांगलं छापलंयस गं. पन्हा बरोबर आहे.”

त्या वर्षी दवाखाना दुसऱ्या वस्तीत गेला. वडील पुढे फार दिवस नव्हते. दवाखाना आला असता तर ते वाचले असते, असे बाई म्हणाल्या नाहीत. तेवढे दशांश त्यांनी आयुष्यात कधीच छापले नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “शून्य म्हणजे बघितलं आणि नाही. टिंब म्हणजे बघितलंच नाही. मी बाबांना न बघता नाही म्हटलं.”

थोड्या वेळाने त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि मग अगदी कामाच्या सुरात विचारले, की तपासणीवाले चाळीत किती वाजता गेले होते. नोंदवहीत वेळ होती. दोन्ही वेळा सकाळी अकरा. बाईंनी डोळे मिटले. गिरण्या बंद पडल्यावर त्या चाळीतल्या बहुतेक पुरुषांनी रखवालदारी धरली होती. रात्रपाळी करून आलेला माणूस दार आतून लावून झोपतो, दिवसपाळीवाला बाहेरून कुलूप घालून जातो. सकाळी अकरा वाजता तिथे दार उघडे सापडणारच नाही. हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. संस्थेत ते ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती आणि तिला कुणी विचारले नव्हते.

श्वास मोजायचे यंत्र फर्नांडिस नावाच्या तंत्रज्ञाकडे असे. तो माझगावचा, रविवारी प्रार्थना चुकवत नसे. बाई त्याच्या टेबलाशी गेल्या. रविवारी चार वाजता येशील का, म्हणाल्या. त्या वेळी दोन्ही पाळ्यांची माणसे घरी असतात.

“संडेला, मॅडम?” तो म्हणाला. “ओव्हरटाइम कोण देणार?”

“ओव्हरटाइम नाही. जेवायला वजडीचं कालवण आहे.”

“मग आधी सांगायचं ना.”

मीही गेले. चाळीच्या लांब गॅलरीत एक टेबल मांडले होते, त्यावर धुतलेली चादर. भिंतींना नुकताच निळा रंग दिला होता आणि त्याचा कच्चा वास मसाल्याच्या वासात मिसळला होता. म्हातारे एकामागून एक येत, नळी ओठांत धरत आणि फुंकर मारत. फर्नांडिस प्रत्येकाला ओरडून सांगे, “जोर लाव काका, बर्थडे केक समज.” एकजण म्हणाला, की वाढदिवस कधी केला असता तर फुंकायची सवय नसती का झाली? सगळी गॅलरी हसली, आणि मग त्या हसण्यातून खोकल्याची एक लाट निघाली ती टोकापर्यंत गेली. बाई यादीवर आकडे उतरवत होत्या. हसल्या नाहीत, थांबल्या नाहीत. दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह. तीन दारे शेवटपर्यंत बंद राहिली. त्या तीन नावांपुढे त्यांनी टिंब दिले.

सोमवारी सकाळी सबनीसांच्या टेबलावर तक्ता होता. डिलाईल रोडच्या त्या ओळीत दोन अंकी आकडा होता, आजूबाजूच्या सगळ्या ओळींपेक्षा मोठा, आणि तक्त्याखाली एक बारीक टीप: तीन जणांची तपासणी झालेली नाही. सबनीसांनी तो कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग पेन काढून टिपेत मराठीची एक चूक दुरुस्त केली. ती चूक माझी होती. आणि सही केली. दिलगिरी वगैरे काही नाही. पण त्यानंतर त्यांच्याकडून टिंबाविषयी कधी तक्रार आली नाही, आणि पुढच्या तपासण्यांची वेळ ठरवताना ते बाईंना खाली निरोप पाठवू लागले.

दवाखान्याची गाडी त्या चाळीसमोर मंगळवारी उभी राहू लागली. बाई तिच्याविषयी कधी काही बोलत नसत. एवढेच झाले, की मंगळवारी त्यांना दहा मिनिटे उशीर होऊ लागला. गाडीच्या पायरीपाशी रांगेत कोण आले, कोण नाही, हे त्या मोजून येत.

मग मेनफ्रेम बंद झाला. लोखंडी कपाटे भंगारात गेली, काचेच्या खोलीत बैठकीचे टेबल आले आणि प्रत्येकाच्या मेजावर स्वतःचा संगणक. त्यातले तक्ते आपोआप सुबक येत. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषणात फक्त म्हणाल्या, की यंत्र विचारत नाही म्हणून तुम्ही विचारायचं थांबवू नका. स्वेटर मात्र त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच सोडला. आता गारठा नाही, म्हणाल्या.

ह्या वर्षी, श्रावण संपता संपता, मी त्यांना भेटायला गेले. चाळ पाडून तिथे टॉवर झाला आहे. बाई अठराव्या मजल्यावर भाचीकडे राहतात. खिडकीतून समुद्राची एक करडी पट्टी दिसते आणि खाली, डबीएवढा, जुना रस्ता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वडिलांचा फोटो. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. गिरणीत एक दिवसही न गेलेल्या त्यांच्या छातीतही आता बारीक शीळ वाजत होती. हाताशी श्वास मोजायची प्लॅस्टिकची नळी होती आणि उशीखाली वही. सकाळ-संध्याकाळ फुंकर मारायची आणि आकडा लिहायचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

त्यांनी वही मला दाखवली. पानापानांवर पेन्सिलीने आखलेल्या रेघा आणि त्यांत आकडे. थकलेल्या हाताचे, किंचित वाकडे, पण एकाखाली एक, उजवी कड धरून. मध्ये मध्ये टिंब होते.

भाची आतून चहा घेऊन आली आणि तक्रार करू लागली. “बघा ना मावशीचं. कालची संध्याकाळ राहिली फुंकायची, मी म्हटलं सकाळचाच आकडा घाल, डॉक्टरांना काय कळणार. तर वही काढून घेतली माझ्याकडून.”

“तू होतीस का माझ्या छातीत?” बाई म्हणाल्या. आवाज तोच, खालच्या पट्टीतला.

त्यांना बोलताना दम लागत होता म्हणून मी फार थांबले नाही. निघताना दारातून मागे वळून पाहिले. बाईंनी रुमाल सोडून फूटपट्टी बाहेर काढली होती आणि उद्यापासूनच्या आठवड्यासाठी नवे पान आखत होत्या. पट्टी दाबून धरायला बोटांत बळ नव्हते. मी परत आत गेले आणि तिचे एक टोक धरले. पोलाद गार लागले. सात दिवस, चौदा घरे. पन्हा नेहमीचाच, प्रत्येक आकड्याला एक घर जास्तीचे. आखून झाल्यावर त्यांनी तळहात त्या रिकाम्या स्तंभावरून एकदा फिरवला.

मी विचारले, की बाई, ह्या रिकाम्या घरांना काय म्हणायचं? ही शून्यंही नाहीत आणि टिंबंही नाहीत.

त्यांनी श्वास जमवला.

“त्यांना अजून काही म्हणायचं नाही,” त्या म्हणाल्या. “टिंब घालायलासुद्धा आधी दिवस उलटावा लागतो.”